दगडाला तेजाब लावण्याआधी: घराची बाहेरची बाजू कशी धुवावी

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जिवाजीगंजाकडच्या एका बोळात आहे. समोरची बाजू इथल्याच वालुकाश्माची. त्यात एक कोरीव झरोका, वर दगडी छज्जा आणि खाली रस्त्यालगत चबुतरा. बोळाच्या बाजूची भिंत चुन्याच्या गिलाव्याची आहे. वरचा मजला आम्ही १९९८ मध्ये बांधला, तो सिमेंटचा असून त्याला बाहेरचा इमल्शन रंग आहे. अंगणात कोटा फरशी, दाराला सागवान आणि फाटकाला लोखंड. एकाच घराच्या अंगावर इतकी निरनिराळी कापडं. पैठणी आणि गोणपाट आपण एकाच दगडावर आपटून धूत नाही, पण घर धुवायचं म्हटलं की सगळ्याला एकच औषध लावतो. मीही तेच केलं होतं.

२०१४ मध्ये मुलीचं लग्न ठरलं. समोरची भिंत काळवंडली होती म्हणून एका ठेकेदाराला बोलावलं. तो म्हणाला, "बाईजी, एक दिन में नया कर देंगे." मी तेव्हा शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते आणि त्या दिवशी परीक्षा होती, म्हणून घरी थांबले नाही. त्याने तेजाब पाण्यात कालवून झाडूने दगडावर फासलं आणि वरून मशीनच्या धारेने धुतलं. संध्याकाळी भिंत लख्ख दिसली. मी आनंदाने पैसे दिले. महिनाभरात दगडावर पिवळट-तपकिरी डाग उमटायला लागले. मामंजी रोज सकाळी झरोक्याशी उभे राहायचे. एकदा त्यांनी कोरलेल्या फुलावरून बोट फिरवलं, तर बोटाला वाळू लागली. ते काही बोलले नाहीत, नुसता हात पुढे करून मला दाखवला. त्या फुलाच्या पाकळ्यांच्या कडा आजही बोथट आहेत. गेलेला दगड परत येत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

काय घडलं होतं, ते आधी सांगते. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण. त्यांना एकत्र धरून ठेवणारा चिकटा कुठे सिलिकेचा असतो, कुठे चुन्याचा, कुठे लोहाचा किंवा चिकणमातीचा. वाळूला तेजाबाने काही होत नाही, पण चुन्याचा चिकटा विरघळतो. लोहही सुटं होऊन ओलाव्याबरोबर पृष्ठभागावर येतं आणि वाळताना गंजून डाग पाडतं. त्यावर मशीनची धार मारली की सैल झालेले कण उडून जातात. भिंत स्वच्छ दिसते, कारण तिची वरची साल निघालेली असते. उघड्या पडलेल्या खरखरीत दगडावर धूळ आणि शेवाळ पूर्वीपेक्षा लवकर बसतं. आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यातच भिंत पुन्हा काळी झाली.

आधी भिंत ओळखा

बाजारात जाऊन औषध विचारण्याआधी अर्धा तास भिंतीपाशी घालवा. एक वाटी पाणी, एक लिंबू आणि चिकटपट्टी एवढं पुरतं.

पाण्याचा एक थेंब दगडावर सोडा. तो तसाच टिकला तर दगड घट्ट आहे. बघता बघता शोषला गेला तर दगड तहानलेला आहे आणि जे काही लावाल ते आत ओढून घेणार आहे. अशा दगडाला लावलेलं रसायन वरून धुऊन निघत नाही.

मग एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा थेंब टाका आणि जवळून पाहा. बुडबुडे आले तर तिथे चुना आहे. चुन्याचा गिलावा, संगमरवर आणि कोटा फरशी यांवर हे दिसेल. कोटा दिसायला कठीण असला तरी तो चुनखडकच आहे, म्हणून संडास धुण्याचं आम्लाचं द्रावण त्यावर सांडलं की तिथली चकाकी कायमची जाते. वालुकाश्मावर बुडबुडे दिसले तर चिकटा चुन्याचा आहे असं समजा. दिसले नाहीत तरी तेजाब लावायला परवानगी मिळाली असं नाही, लोहाचा धोका राहतोच. थेंब टाकलेली जागा लगेच साध्या पाण्याने पुसून घ्या.

चिकटपट्टीचा उपयोग मला फार उशिरा कळला. दगडावर पट्टी हलकेच दाबून लावा आणि उचला. पट्टीवर वाळूचे पुष्कळ कण आले तर त्या भागाला ब्रशसुद्धा लावू नका. तिथे स्वच्छता हा प्रश्नच नाही, दगड सुटतो आहे, आणि त्यासाठी जुन्या इमारतींच्या दगडाचं काम करणारा माणूस लागतो.

रंगवलेल्या भिंतीवर तळहात फिरवा. पांढरी पूड लागली तर रंग मेला आहे. धुऊन तो ताजा होणार नाही, धुणं ही पुढच्या रंगकामाची तयारी ठरेल. गिलावा बोटाच्या पेराने वाजवून पाहा. पोकळ बोलला तर आत पाणी जायची वाट आहे, तिथे आधी डागडुजी करा.

मग घाण ओळखा

काळं दिसलं की सगळे त्याला काजळी म्हणतात. ती काजळी असेलच असं नाही. छज्ज्याखाली जिथे पावसाचं पाणी ओघळतं तिथल्या काळ्या रेघा बहुधा शेवाळाच्या असतात. ओली करून नखाने खरवडली तर बुळबुळीत हिरवट निघतात. जिथे पाऊस पोचत नाही, पण गाड्यांचा धूर पोचतो, तिथला काळा थर काजळी आणि जिप्समचा असतो, कडक आणि कोरडा. शंका असेल तर कपडे पांढरे करायच्या ब्लीचचा पातळ केलेला एक थेंब कोपऱ्यात लावा. दोन-तीन मिनिटांत काळेपणा उतरला तर ते जिवंत काहीतरी आहे. तसाच राहिला तर धूळ-धूर आहे. थेंबाची जागा नंतर भरपूर पाण्याने पुसा.

आमच्याकडे सगळ्यात मोठी घाण म्हणजे धूळ. मे महिन्यात आंधी आली की दुपारी दिवे लावावे लागतात, आणि ती सगळी धूळ कोरीव कामात जाऊन बसते. धुळीवर थेट पाणी मारलं की चिखल होतो आणि दगडाच्या छिद्रांत शिरतो. म्हणून धूळ कोरडीच काढायची. मऊ केसांचा रंगाचा ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी, एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरं. झरोक्याला मला दोन सकाळी लागतात. नुसत्या एवढ्यानेच निम्मं काम होतं हे मी मोजूनमापून नाही, डोळ्यांनी पाहून सांगते.

भिंतीच्या पायथ्याशी पांढरी बुरशी दिसते, तिला आमच्याकडे 'लोना लगा है' म्हणतात. ती बुरशी नसते, क्षार असतात. जमिनीतली ओल वर चढते, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यावर पाणी ओतलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि पुढच्या उन्हात आणखी जोराने फुटतात. कोरड्या दिवशी मऊ ब्रशने झाडा, खाली कागद धरा आणि ती पूड घरापासून दूर टाका. मग ओल कुठून येते ते शोधा. आमच्याकडे मागच्या टाकीचं ओव्हरफ्लोचं पाणी भिंतीशी मुरत होतं. ते पाइपने गटारात नेलं, आणि दोन वर्षांत लोणा आपोआप कमी झाला.

कबुतरांची विष्ठा कोरडी खरवडू नका. तिच्या धुळीतून फुफ्फुसाचे बुरशीजन्य आजार होऊ शकतात. तोंडाला चांगला मास्क, हातात मोजे, आधी साबणाच्या पाण्याचा हलका फवारा, ती भिजली की लाकडी पट्टीने उचलायची.

चबुतऱ्यावरची पानाची पिंक हे आमच्या बोळाचं जुनं दुखणं. ताजी असेल तर लगेच पाणी आणि साबण. जुनी असेल तर लेप लावावा लागतो. मुलतानी मातीत औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड कालवून श्रीखंडाइतकं दाट करा, डागावर बोटभर जाड थापा, वरून प्लॅस्टिकने झाका. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढा आणि लेप पूर्ण वाळू द्या. वाळताना तो डाग आपल्याकडे ओढतो. एकदा लावून काही जुने डाग फिके होतात, जात नाहीत. पुन्हा लावा. दिवाळीच्या पणत्यांचं तेल दगडात मुरलं असेल तर तीच मुलतानी माती, पण पेरॉक्साइडऐवजी भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी घालून.

दाब की वेळ

आता मशीनबद्दल, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. गच्चीवरची टाकी नळापासून १० मीटर उंच असेल तर नळाला साधारण १ बार दाब मिळतो. घरगुती प्रेशर वॉशरवर १०० ते १३० बार लिहिलेलं असतं. म्हणजे नळाच्या शंभरपट. इतका दाब सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकला किंवा गाडी उभी करायच्या काँक्रीटला ठीक आहे. जुन्या दगडाला, चुन्याच्या गिलाव्याला, लाकडाला आणि पूड सुटणाऱ्या रंगाला अजिबात नाही. धार दगडांच्या सांध्यातला चुना उडवते आणि पाणी भिंतीच्या पोटात ढकलते. जुन्या घरांत तुळयांची टोकं भिंतीत असतात, काही ठिकाणी दगड जोडायला लोखंडी पट्ट्या असतात. तिथे पोचलेलं पाणी दिसत नाही, पण लाकूड कुजवतं आणि लोखंड फुगवतं.

पेव्हर ब्लॉकवर वापरायचंच असेल तर पंख्यासारखी पसरट धार देणारं, २५ किंवा ४० अंशांचं तोंड लावा. शून्य अंशाचं, सुईसारखी धार देणारं तोंड डब्यातच ठेवा. एका जागी थांबू नका आणि निदान फूटभर अंतर ठेवा.

मी ज्या गोष्टीवर विश्वास ठेवते ती म्हणजे वेळ. करपलेलं पातेलं आपण रात्रभर भिजत ठेवतो आणि सकाळी नुसत्या हाताने निघतं. भिंतीलाही तसंच भिजू द्यायचं, फक्त कमी पाण्यात. दगडासाठी मी बादलीभर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड घालते. कपडे धुण्याची पावडर घेत नाही, कारण तिच्यातला सोडा दगडात राहतो आणि मग क्षार होऊन फुलतो. झाडांना मारायच्या फवाऱ्याने भिंत आधी साध्या पाण्याने ओलसर करायची, म्हणजे साबणाचं पाणी खोल शोषलं जात नाही. मग साबणाचं पाणी, दहा मिनिटं थांबायचं, नायलॉनच्या मऊ ब्रशने गोल फिरवायचं, आणि मळ स्पंजने टिपून घ्यायचा. शेवटी दोनदा साध्या पाण्याने. तारेचा ब्रश घरातच आणू नका. त्याचे तुटलेले बारीक तुकडे दगडात अडकतात आणि गंजाचे ठिपके पडतात.

दगडावरच्या शेवाळाला ब्लीच मारायची फार सवय आहे आपल्याला. ते झटकन पांढरं करतं, पण मागे मीठ सोडतं. दगडाला मी बेंझाल्कोनियम क्लोराइडचं, म्हणजे शेवाळ मारणाऱ्या एका जंतुनाशकाचं, पातळ द्रावण वापरते. बाटलीवर जितकं पातळ करायला लिहिलेलं असेल तितकं करायचं, कोरड्या दिवशी फवारायचं आणि सोडून द्यायचं. लगेच काही दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरवं तपकिरी होतं, मग वाळून ब्रशने पडतं. काही काळे डाग तर पुढचे कित्येक आठवडे हळूहळू फिके होत जातात. ज्याला लग्नाआधी आठ दिवसांत भिंत हवी त्याला हे पटणार नाही, मलाही तेव्हा पटलं नसतं.

एक गोष्ट शिक्षिका म्हणून सांगते, आणि ती कधीही विसरू नका. ब्लीच आणि तेजाब, किंवा ब्लीच आणि संडास धुण्याचं आम्लाचं द्रावण, कधीही एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो. बोळातल्या बंदिस्त जागेत तो जीवघेणा ठरू शकतो. बादलीसुद्धा एकच वापरायची नाही.

वरचा मजला, फरशी, दार

इमल्शन रंगाच्या भिंतीला ब्लीच चालतं. ४-५ टक्के क्षमतेचं घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग. शेवाळावर लावून दहा मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, मग धुवायचं. खाली तुळस किंवा मोगरा असेल तर आधी झाडांना भरपूर पाणी घाला आणि प्लॅस्टिक पांघरा. साबण लावताना खालून वर जायचं आणि धुताना वरून खाली यायचं. वरून साबण लावला तर कोरड्या भिंतीवर ओघळ उतरतात आणि त्यांच्या रेघा नंतर जात नाहीत. हे उलटं वाटतं, पण एकदा करून पाहा. एका वेळी दोन मीटर रुंदीचाच पट्टा घ्यायचा.

शिडीवर एकट्याने चढू नका. आमच्या बोळात विजेच्या तारा गॅलरीपासून हातभर अंतरावर आहेत, तुमच्याही असतील. तारांजवळचा भाग धुवायचा तर वीजमंडळाला सांगून पुरवठा बंद करून घ्या. ॲल्युमिनियमची शिडी आणि पाण्याची नळी घेऊन तिथे कुणालाही, मजुरालाही, पाठवू नका. दुसऱ्या मजल्यासाठी परांची बांधून घ्या.

कोटा फरशीला साबणाचं पाणी आणि पोछा एवढंच. सागवानी दाराला पिळलेलं फडकं, कोरीव भागाला जुना दात घासायचा ब्रश, आणि वाळल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात. तेलाचं फडकं गोळा करून ठेवू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा. फाटकाचा गंज घासून रंगवा, नाहीतर पावसात तो ओघळून फरशीवर उतरतो, आणि फरशीवरून गंज काढणं फाटक रंगवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

केव्हा

आपल्याकडे सगळं दिवाळीच्या आधल्या आठवड्यात. पण पावसाळा सप्टेंबरच्या अखेरीला सरतो आणि जाड दगडी भिंतीला वाळायला त्यानंतरही वेळ लागतो. दिवाळी लवकर आली असेल तर दिवाळीला कोरडी झाडलोट करा आणि ओलं काम नोव्हेंबरच्या मध्यावर. डिसेंबर-जानेवारीत धुकं भिंत वाळू देत नाही. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि साबण लावताक्षणी भिंतीवर सुकतो. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च मला सगळ्यात आवडतो. सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची, म्हणजे काम कायम सावलीत होतं.

काहीही असलं तरी पहिल्या दिवशी फक्त हातरुमालाएवढा तुकडा, मागच्या बाजूला. तो आठ दिवस वाळू द्या. डाग उमटला नाही, वाळू सुटली नाही, तर पुढे जा. मजुराला बोलावलं तर मी तोच तुकडा दाखवते आणि म्हणते, "भैया, बस इतना साफ चाहिए, इससे ज़्यादा नहीं." दगडाचा जुना सोनेरी-करडा रंग ही घाण नाही. कोऱ्या दगडाचा रंग यायला लागला म्हणजे आपण मळापलीकडे गेलो, तिथे हात थांबवायचा.

धुऊन झाल्यावर कुणीतरी चकचकीत कोट मारायला सांगेल. दगडावर पापुद्रा धरणारा कोट मारू नका. आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि कोट साल घेऊनच निघतो.

चुन्याची भिंत मी शेवटी ठेवली, कारण तिला धुवायचंच नाही. कोरड्या ब्रशने झाडायची, शेवाळ मारून वाळवायचं, भेगा चुन्या-वाळूने भरायच्या आणि पुन्हा चुना द्यायचा. कळीचा चुना लोखंडी पिंपात पाण्यात विरवताना पाणी उकळतं, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा आणि मुलं दूर हवीत. निदान आठवडाभर भिजत ठेवा, फडक्याने गाळा, दुधाइतका पातळ करा. भिंत ओलसर करून एक हात, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलसर करून दुसरा, मग तिसरा. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो, खालचे सगळे डाग जसेच्या तसे दिसतात, आणि मजूर घाईने जाड हात मारायला निघतो. त्याला थांबवा. जाड चुना तडकतो. सकाळपर्यंत वाट पाहा, भिंत पांढरी झालेली असते.